शिमोन जादूगार, बार कोखबा आणि इतर 'तोतये' : आरंभीच्या ख्रिस्ती लेखनातले मांत्रिक

करवंद

'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातल्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, शिमोन नावाचा एक जादूगार येतो आणि सोळा वचनांत निघूनही जातो. शोमरोनात, म्हणजे यरुशलेमच्या उत्तरेकडच्या समारिया प्रांतात, त्याचा मोठा दबदबा. देवाची महाशक्ती म्हणतात ती हाच, असं लहानथोर सगळे म्हणायचे. मग फिलिप्प तिथे येऊन उपदेश करतो, लोक बाप्तिस्मा घेतात, शिमोनही घेतो. पुढे यरुशलेमेहून येशूचे शिष्य पेत्र आणि योहान येतात. ते लोकांवर हात ठेवतात आणि त्यांना पवित्र आत्मा मिळतो. शिमोन हे बघतो आणि धंदेवाईक माणूस करील तेच करतो. पैसे पुढे करून म्हणतो, ही शक्ती मलाही द्या. पेत्र त्याला असा फैलावर घेतो की तो म्हणतो, आता तुम्हीच माझ्यासाठी प्रार्थना करा. गोष्ट इथे संपते. पुढे तो सुधारला की नाही, याबद्दल लेखक चकार शब्द काढत नाही.

या माणसाचं पुढच्या दोन-तीनशे वर्षांत जे काय झालं त्यासाठी हा धागा.

इ. स. १५०च्या आसपास जस्टिन नावाचा ख्रिस्ती विद्वान रोममधून सम्राटाला उद्देशून एक मोठा अर्ज लिहितो. त्यात तो सांगतो की शिमोन गित्ता गावचा, क्लॉडियस सम्राटाच्या काळात रोमला आला, त्याला देव मानून टायबर नदीतल्या बेटावर त्याचा पुतळा उभारला गेला. त्याच्याबरोबर हेलेना नावाची बाई फिरते, ती आधी वेश्या होती, आणि तिला तो आपला 'पहिला विचार' म्हणवतो. तीसेक वर्षांनी ल्यों शहराचा बिशप आयरेनियस आणखी भर घालतो. हेलेना त्याला टायरच्या कुंटणखान्यात सापडली. पूर्वजन्मी तीच ट्रॉयची हेलन होती. विश्वाची आई असलेली ती शक्ती देवदूतांनीच कैद केली, एका देहातून दुसऱ्या देहात कोंडत नेली, आणि तिला सोडवायला शिमोन खाली उतरला. आयरेनियसच्या मते सगळ्या पाखंडांचं मूळ हाच.

साधारण त्याच काळात 'पेत्राची कृत्ये' हे पुस्तक तयार होतं. बायबलमध्ये त्याला जागा मिळाली नाही, पण लोकांनी ते आवडीने वाचलं असणार. यात रोममध्ये पेत्र आणि शिमोन यांचा जाहीर सामना आहे, प्रेक्षकांसकट. शेवटी शिमोन सगळ्यांदेखत शहरावरून उडतो. पेत्राची प्रार्थना मात्र बघा : हा खाली पडू दे, मरू नको दे, पाय तीन ठिकाणी मोडू दे. इतकी नेमकी मागणी! तसंच होतं. लोक त्याला धोंडे मारतात. त्याला उचलून आधी अरिसियाला आणि मग तेराचिनाला नेतात, आणि तिथे वैद्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तो मरतो.

पुढच्या लेखकांना एवढ्यानेही समाधान नाही. इ. स. ३००च्या आसपास आर्नोबियस शिमोनला अग्निरथ आणि चार पेटते घोडे देतो. यरुशलेमचा बिशप सिरिल सांगतो की भुतांनी ओढलेल्या रथातून तो निघाला होता आणि पेत्र-पौल या दोघांनी गुडघे टेकून त्याला खाली आणलं. आणखी नंतरच्या एका कथेत नीरो त्याच्यासाठी लाकडी मनोरा बांधून देतो आणि पडल्यावर देहाचे चार तुकडे होतात.

आता माझं म्हणणं. शिमोन इतका का वाढला? मला वाटतं, हे लेखक शिमोनबद्दल लिहिताना येशूवर झालेल्या आरोपाला उत्तर देत होते. जस्टिनच्याच दुसऱ्या पुस्तकात, त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेल्या संवादात, तो कबूल करतो की येशूचे चमत्कार पाहून लोक त्याला जादूगार आणि लोकांना भुलवणारा म्हणाले. इ. स. १७८च्या सुमारास केल्सस हा ग्रीक तत्त्वज्ञ स्पष्टच लिहितो की येशू इजिप्तमध्ये मजुरीला गेला, तिथे जादू शिकला आणि परत येऊन स्वतःला देव म्हणवू लागला. केल्सस म्हणतो, भर बाजारात चार दमड्यांसाठी भूत काढणारे, फुंकर मारून रोग घालवणारे, नसलेली पक्वान्नं ताटात दाखवणारे इजिप्तमध्ये शिकलेले लोक असतात. मग त्यांनाही देवाचे पुत्र म्हणायचं का?

या प्रश्नाला 'आमचे चमत्कार खरे, तुमचे खोटे' हे उत्तर पुरत नाही. कारण त्या काळी जवळजवळ कोणीच, ख्रिस्ती लेखकसुद्धा, जादू होत नाही असं म्हणत नव्हते. जादू होते, पण भुतांच्या मदतीने, असं ते मानत. मग फरक दाखवायचा कुठे? चमत्कार सारखेच दिसत असतील तर चमत्कार करणाऱ्याकडेच बघावं लागतं. शिमोनचं चित्र त्या गरजेतून रंगत गेलं, असं मला वाटतं.

तुम्हाला काय वाटतं? नावं मराठी बायबलात आहेत ती तशी ठेवली आहेत, बाकीची जमेल तशी.

शेंडेफळ

वाचतेय. उडण्याच्या आधीच्या सामन्यात काय काय झालं ते सांगाल का? एवढ्यावर सोडू नका.

करवंद

@शेंडेफळ, मजकूर फार लांबेल म्हणून गाळलं होतं. शिमोन मार्सेल्लुस नावाच्या सिनेटरच्या घरी मुक्काम ठोकून आहे. पेत्र दाराशी येतो. दारवानाला आतून हुकूम, की 'घरी नाहीत' म्हणून सांग. तेव्हा पेत्र साखळीला बांधलेला एक मोठा कुत्रा सोडतो आणि त्यालाच आत पाठवतो. कुत्रा माणसाच्या भाषेत बोलायला लागतो. शिमोन त्या कुत्र्यालाही म्हणतो, मी आत नाही असं सांग त्याला! त्यावर कुत्रा सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढतो, बाहेर येऊन पेत्राला निरोप देतो आणि पेत्राच्या पायाशी मरून पडतो.

मग लोक म्हणतात, अजून एखादा चमत्कार दाखवा, शिमोननेही पुष्कळ दाखवले होते. खिडकीत एक खारवलेला मासा टांगलेला असतो. पेत्र तो हौदात टाकतो आणि मासा पोहायला लागतो. लोक त्याला पावाचे तुकडे घालून खात्री करून घेतात. शेवटी फोरममध्ये एक पोरगा आणतात. शिमोन त्याच्या कानात कुजबुजून त्याला मारतो, पेत्र त्याला जिवंत करतो. मधे सात महिन्यांचं एक तान्हं बाळ पुरुषी आवाजात शिमोनला दटावतं, तेही आहे.

मला स्वतःला हे लेखन भक्तिपर कमी आणि करमणुकीचं जास्त वाटतं. पण पेत्राला उलट्या क्रूसावर चढवलं ही प्रसिद्ध गोष्टही याच पुस्तकातली आहे, तेव्हा नुसतंच हसण्यावारी नेऊ नये.

आगाशीकर

धागा आवडला. मी ख्रिस्ती आहे म्हणून दोन गोष्टी नमूद करतो, राग नाही.

एक, 'पेत्राची कृत्ये' हा आमच्यासाठी पवित्र शास्त्राचा भाग नाही. प्रवचनात शिमोन येतो तो फक्त पैशाच्या संदर्भात. चर्चमधलं पद विकणं किंवा विकत घेणं या पापाला त्याचंच नाव पडलं. इ. स. ४५१च्या खाल्सेदोनच्या परिषदेत दुसराच नियम त्यावर आहे. पैसे घेऊन दीक्षा देणाऱ्या बिशपचंच पद जावं, असा. म्हणजे तोवर हा रोग चांगलाच पसरलेला होता.

दोन, तुम्ही म्हणता तशी चमत्कारांची सारखेपणाची अडचण नव्या करारातच दिसते आणि आम्ही ती लपवत नाही. पेत्राची सावली तरी अंगावर पडावी म्हणून लोक आजाऱ्यांना रस्त्यावर आणून ठेवत. पौलाच्या अंगाला लागलेले रुमाल नेऊन रोग्यांवर ठेवत. हे बाहेरच्या माणसाला मंत्रतंत्र वाटलं तर नवल नाही. म्हणून तर रुमालांच्या प्रसंगाला लागूनच स्किवाच्या सात मुलांची गोष्ट येते. ते इफिसात येशूच्या नावाने भूत काढायला जातात. भूत म्हणतं, येशूला मी ओळखतो, पौलही माहीत आहे, पण तुम्ही कोण? आणि भूत लागलेला तो एकटा माणूस सातही जणांना बदडून उघडेनागडे पळवून लावतो. पुढे शहरातले लोक आपल्या जादूच्या पोथ्या आणून जाळतात. त्यांची किंमत पन्नास हजार रुपये भरली असं मराठी बायबल सांगतं, म्हणजे तेवढी चांदीची नाणी.

नाव एकच आहे, पण ते मंत्र म्हणून वापरता येत नाही, हा त्या गोष्टीचा मुद्दा.

हेमाडपंथी

रंजक आहे, पण मूळ अडचणीवर कोणी बोलत नाहीये. शिमोनची बाजू कुठे आहे? आपल्याकडे आहे ते सगळं त्याच्या शत्रूंनी लिहिलेलं. उद्या एखाद्या पंथाची माहिती फक्त त्याच्या विरोधकांच्या पत्रकांवरून लिहायची ठरवली तर काय लिहून होईल?

जस्टिन स्वतः शोमरोन प्रांतातला, फ्लाविया नेआपोलिसचा, म्हणजे आजचं नाब्लुस. तो म्हणतो की जवळजवळ सगळे शोमरोनी शिमोनला आद्य देव मानतात. तो तिथलाच, तेव्हा अगदीच हवेत बोलत नसावा. त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी ओरिजेन हा ख्रिस्ती विद्वान लिहितो की साऱ्या जगात शिमोनचे तीस अनुयायी तरी उरले असतील का. एक जिवंत पंथ होता आणि तो संपला, एवढं यातून निघतं. हिप्पोलितस हा ख्रिस्ती लेखक तर शिमोनच्या नावावरच्या 'महाप्रकटन' नावाच्या ग्रंथातले लांबलचक उतारे देतो. त्यात जादूटोणा नावालाही नाही. अग्नी हे विश्वाचं मूळ, त्याची एक गुप्त आणि एक प्रकट बाजू, त्यातून निघालेल्या सहा शक्तींच्या जोड्या, असं गंभीर तत्त्वज्ञान आहे. तो ग्रंथ शिमोनच्या हातचा नसेल, नंतरच्या शिष्यांचा असेल. पण शिष्य असा ग्रंथ लिहितात म्हणजे गुरू नुसता गारुडी नव्हता.

करवंद

@हेमाडपंथी, मान्य, म्हणूनच मी 'शिमोन' असं न म्हणता 'शिमोनचं चित्र' म्हणतोय. तरी जस्टिनवर इतका भरवसा टाकू नका. त्याच्या त्या पुतळ्याचं काय झालं ते ऐका. १५७४ साली टायबरच्या त्याच बेटावर एका पुतळ्याची बैठक सापडली. तिच्यावरचा लेख सेमो सांकुस नावाच्या देवाला अर्पण केलेला आहे. हा सबाईन लोकांचा शपथा-करारांचा जुना देव. जस्टिनने दिलेला मजकूर होता 'पवित्र देव शिमोनास'. अक्षरं इतकी मिळतीजुळती आहेत की बहुतेक अभ्यासक मानतात, त्याने किंवा त्याला सांगणाऱ्याने हाच लेख चुकीचा वाचला. आणि हा पुरावा तो सम्राटापुढे ठेवून म्हणतोय, हा पुतळा पाडून टाका!

शिमोनचा पंथ होता हे मी नाकारत नाही. मात्र शोमरोनातल्या पंथप्रमुखाला रोममधला सेलिब्रिटी बनवण्यात या चुकीच्या वाचनाचा हातभार मोठा असावा.

तिरकस_तात्या

उडण्याच्या गोष्टीला रोममध्ये एक ख्रिस्तीबाह्य धागा पण आहे. सुएतोनियस हा रोमन लेखक नीरोच्या चरित्रात लिहितो की एका खेळात इकारसचं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या पंख लावून उडणाऱ्या मुलाचं, सोंग घेतलेला माणूस पहिल्याच झेपेला कोसळला आणि नीरोच्या आसनापर्यंत रक्ताचे शिंतोडे उडाले. दिओन ख्रिसोस्तोम हा वक्ताही सांगतो की उडून दाखवतो म्हणणाऱ्या एकाला नीरोने बराच काळ पदरी बाळगलं होतं. म्हणजे 'नीरोसमोर उडायला गेला आणि पडला' ही बातमी रोमच्या बाजारात तयारच होती. कथाकाराला फक्त नाव बदलायचं होतं. अर्थात हा माझा तर्क.

आणि हिप्पोलितसचं नाव निघालंच आहे तर त्याच्या ग्रंथाचा चौथा भाग वाचाच. हा तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा रोममधला लेखक. १८४२ साली एथोस पर्वतावरच्या मठातून या ग्रंथाची हस्तलिखित प्रत बाहेर आली. चौथ्या भागात हा बाबा जादूगारांच्या हातचलाख्या एकेक करून उघड्या पाडतो. आपल्याकडच्या अंनिसच्या प्रयोगांचीच आठवण येते. बोलणारी कवटी कशी करायची? खरी कवटी नसतेच, बैलाच्या पोटातला पडदा, मेण आणि गिलावा यांची बनवायची. करकोच्याची श्वासनलिका त्यात खुपसून आड बसलेल्या साथीदाराने बोलायचं. गडगडाट हवा असेल तर मोठे दगड उंचावरून लाकडी फळ्यांवरून गडगडत पितळी पत्र्यांवर सोडायचे. छतावर तारे दाखवायचे तर माशांचे खवले पाणी-डिंकात भिजवून चिकटवायचे. अंधारात जळती देवी आकाशातून जाताना दाखवायची असेल तर घारीला पेटता काकडा बांधून सोडून द्यायची. बिचारी घार.

शेंडेफळ

तात्या, म्हणजे हा माणूस म्हणतोय की भूतबित काही नसतं, नुसती हातचलाखी असते? मग करवंद म्हणतात ते 'सगळे जादू मानत होते' कसं?

तिरकस_तात्या

तीच तर गंमत. तो दोन्ही म्हणतो. ज्याची युक्ती कळली त्याची युक्ती सांगतो, उरलेल्यांना भुताच्या खात्यावर टाकतो. सुसंगत असायला हवं असं त्याला कुठेही वाटत नाही.

त्याच्या शिमोनचा शेवट मात्र सगळ्यांत भारी आहे. शिमोन शिष्यांना म्हणतो, मला जिवंत पुरा, तिसऱ्या दिवशी उठतो. शिष्य खड्डा खणून पुरतात. हिप्पोलितस लिहितो, तो आजपर्यंत तिथेच आहे, कारण तो ख्रिस्त नव्हता.

पाणवठा

शीर्षकात बार कोखबा आहे आणि धाग्यात त्याचा पत्ता नाही! तोतया मसीहांबद्दल (मसीहा म्हणजे यहुदी लोक ज्याची वाट पाहत होते तो तारणहार) मी लिहू का? विषय माझ्या आवडीचा आहे.

मार्क आणि मत्तयच्या शुभवर्तमानांत येशू बजावतो की खोटे ख्रिस्त आणि खोटे संदेष्टे उठतील, मोठी चिन्हं दाखवतील. हे भविष्य हवेतलं नव्हतं. योसेफस या यहुदी इतिहासकाराने त्या शतकातली अशी माणसं नोंदवून ठेवली आहेत. इ. स. ३६च्या सुमारास एक शोमरोनी पुढारी लोकांना गरिज्जीम डोंगराकडे घेऊन निघाला. मोशेने पुरलेली पवित्र भांडी दाखवतो म्हणाला. पिलात या रोमी सुभेदाराने सैन्य घालून कत्तल केली आणि त्या प्रकरणात त्याचीच सुभेदारी गेली. म्हणजे येशूला क्रूसावर देऊन जी खुर्ची टिकली ती या अनामिक माणसापायी गेली.

मग थुदास. यार्देन नदी दुभंगून वाट करून देतो म्हणून लोकांना सामानासकट घेऊन निघाला. फादुस नावाच्या सुभेदाराने घोडेस्वार पाठवले आणि थुदासाचं मुंडकं यरुशलेमेला आणलं. हे इ. स. ४४ ते ४६मधलं. गंमत अशी की प्रेषितांच्या कृत्यांत गमलिएल हा यहुदी शास्त्री, प्रेषितांचं काय करायचं हे ठरवणाऱ्या सभेसमोर थुदासाचं उदाहरण देतो, चारशे माणसं त्याच्यामागे होती म्हणतो, आणि ते भाषण त्याच्या किमान दहा वर्षं आधीचं दाखवलंय! कोणी म्हणतं थुदास दोन होते, कोणी म्हणतं लेखकाचा काळ चुकला. मला दुसरं पटतं.

तिसरा 'इजिप्शियन'. जैतुनाच्या डोंगरावरून माझ्या हुकमाने यरुशलेमच्या भिंती कोसळतील म्हणाला. रोमी सुभेदार फेलिक्सच्या फौजेने माणसं मारली, हा स्वतः मात्र निसटला. पौलाला मंदिरात पकडतात तेव्हा रोमी सरदार पहिल्यांदा हेच विचारतो, तो इजिप्शियन तूच ना? सरदाराच्या तोंडी चार हजार माणसं आहेत, योसेफस एका पुस्तकात तीस हजार म्हणतो.

या तिघांचीही धाटणी एकच आहे. सगळे जुन्या करारातला एखादा प्रसंग पुन्हा करून दाखवणार होते. नदी दुभंगणं, भिंती पडणं, मोशेची भांडी. आणि तिघांनाही सरकारने दंगेखोर म्हणून चिरडलं. रोमी अधिकाऱ्याच्या दृष्टीने पौल आणि इजिप्शियन यांच्यात फरक तो काय?

आगाशीकर

@पाणवठा, सुंदर. गमलिएलचा युक्तिवाद पूर्ण सांगायला हवा. तो म्हणतो, हे माणसाचं काम असेल तर आपोआप मोडेल, देवाचं असेल तर तुम्हाला मोडता येणार नाही. थांबा आणि बघा. करवंद यांच्या 'फरक दाखवायचा कुठे' या प्रश्नाला हे एक उत्तर आहेच.

हेमाडपंथी

हे उत्तर विजेत्यांना सोयीचं. टिकलं ते खरं! या न्यायाने शिमोन खोटा, कारण ओरिजेनच्या काळात तीस माणसं उरली. आणि बार कोखबा? तो रोमविरुद्धच्या यहुदी बंडाचा पुढारी, तीन वर्षं टिकला, स्वतःची नाणी पाडली, रबी अकिवासारख्या विद्वानाने त्याला मसीहा मानलं.

पाणवठा

त्याच्याकडेच येत होते. इ. स. १३२ ते १३५चं बंड. गणना या पुस्तकात याकोबातून एक तारा निघेल असं वचन आहे. त्यावरून 'ताऱ्याचा पुत्र', बार कोखबा. जस्टिन या बंडाचा समकालीन. तो लिहितो की येशूला नाकारणार नाहीत त्या ख्रिस्ती लोकांना कडक शिक्षा देण्याचा हुकूम याने काढला. दोनशे वर्षांनी युसेबियस हा चर्चचा इतिहासकार त्याला आकाशातून उतरलेला तारा म्हणवून घेणारा लुटारू आणि खुनी ठरवतो. त्यानंतर जेरोम हा ख्रिस्ती विद्वान सांगतो की हा तोंडात पेटती काडी धरून फुंकायचा, म्हणजे आग ओकतोय असं दिसावं. बघा, शिमोनसारखाच हाही वाढत गेला. बंडाचा सेनापती होता, त्याचा शेवटी गारुडी झाला.

पण इथे नशीब असं की त्याची स्वतःची पत्रं सापडली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुरब्बआतच्या गुहांत आणि १९६०-६१मध्ये यिगाएल यादिन यांच्या उत्खननात नहल हेवरच्या गुहेत. त्यात त्याचं नाव शिमोन बार कोसिबा आहे. आग नाही, तारा नाही. हाताखालच्या लोकांना दरडावणं आहे, आणि एका पत्रात तर मंडपांच्या सणासाठी खजुराच्या फांद्या आणि महाळुंगं गाढवांवरून पाठवा अशी ऑर्डर आहे. हेमाडपंथी विचारत होते ना, शिमोनची बाजू कुठे? या शिमोनची सापडली. तो पत्रांत स्वतःला इस्राएलचा 'नासी' म्हणवतो, म्हणजे पुढारी. मसीहा म्हणवत नाही.

शेंडेफळ

बापरे. धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे.

एक बाळबोध प्रश्न. साध्या गावातल्या साध्या ख्रिस्ती माणसाने काय करायचं? दारात कोणी येऊन म्हणाला की मी संदेष्टा, तर ओळखायचं कसं? ही तत्त्वज्ञांची भांडणं त्याच्या काय कामाची?

करवंद

@शेंडेफळ, बाळबोध अजिबात नाही, यासाठी चक्क नियमावली होती! 'दिदाखे' नावाचं छोटं पुस्तक, पहिल्या शतकाच्या शेवटाचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं. ते हरवलंच होतं. १८७३ साली फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याचं हस्तलिखित मिळालं आणि दहा वर्षांनी त्यांनी ते छापलं. त्यातले नियम असे. प्रेषित आला तर एक दिवस ठेवा, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. निघताना वाटेपुरती भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटा. आत्मा अंगात आलेला असताना 'जेवण वाढा' म्हणाला आणि स्वतः जेवला तर खोटा. 'मला पैसे द्या' असं अंगात आल्यावर म्हणाला तर ऐकू नका, दुसऱ्या गरजूंसाठी मागत असेल तर त्याला नावं ठेवू नका.

यात चमत्काराचा शब्द नाही. जेवण, मुक्काम, पैसा. हे लिहिणारा माणूस अनेकदा ठकला गेलेला असणार!

हर्मासचं 'मेंढपाळ' नावाचं पुस्तक आहे, त्यातही खोटा संदेष्टा कसा? खुर्चीवर ऐसपैस बसतो, कोपऱ्यात गाठून लोकांना त्यांना हवं ते सांगतो, आणि दक्षिणा मिळाली नाही तर त्याची वाणी बंद. आशिया मायनरमधल्या मोंतानुसच्या, नव्या संदेष्ट्यांना मानणाऱ्या ख्रिस्ती पंथावर टीका करताना अपोलोनियस नावाचा एक लेखक विचारतो, संदेष्टा केसांना रंग लावतो का? डोळ्यांत काजळ घालतो? सोंगट्या-फासे खेळतो? व्याजाने पैसे देतो? युसेबियसने हा उतारा जपून ठेवलाय. आता मोंतानुसच्या पंथातले लोक फारच कडक, उपासतापास करणारे. दुसऱ्या लग्नालाही त्यांचा विरोध. त्यांच्यावर काजळाचा आरोप करावासा वाटणं हेच बोलकं आहे. तेव्हा हेमाडपंथी, तुमचा मुद्दा इथे पुरता लागू.

आगाशीकर

'फुकट मिळालं, फुकट द्या' हे येशूचंच वचन आहे, मत्तयात. आयरेनियस तेच धरून म्हणतो की चर्च रोज रोग्यांना बरं करतं, पण कोणाकडून मोबदला घेत नाही. मार्कुस नावाच्या पाखंड्याबद्दल त्याचा सगळा राग त्याच कारणाने आहे. हा प्याल्यातल्या द्राक्षारसावर लांबलचक मंत्र म्हणून त्याला लाल-जांभळा रंग आणायचा, लहान प्याल्यातलं ओतून मोठा प्याला ओसंडून वाहायला लावायचा. श्रीमंत बायका गाठून त्यांना म्हणायचा, तूही संदेष्टी हो. मग त्या भारावून सगळी मिळकत त्याच्या हवाली करत. एका डीकनची (चर्चमधल्या सेवकाची) बायकोही त्याच्या मागे गेली आणि नंतर परत येऊन पश्चात्तापात उरलेलं आयुष्य काढलं, असं आयरेनियस सांगतो. ऱ्होन नदीच्या खोऱ्यात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मुलखात, अशा बायका होत्या. हे ऐकीव नाही, घरातलं भांडण आहे.

तिरकस_तात्या

प्याल्याची युक्ती हिप्पोलितसने फोडली आहे, प्याल्यात गुपचूप एक द्रव्य टाकायचा. लहानातून मोठा भरतो तोही फुगणाऱ्या औषधाने.

हेमाडपंथी

सगळ्यांत सरस उदाहरण राहिलंच. 'क्लेमेंटाईन' नावाने ओळखली जाणारी चौथ्या शतकातली, पण तिसऱ्या शतकातल्या मजकुरावर बेतलेली एक कादंबरीवजा रचना आहे. तिथेही पेत्र विरुद्ध शिमोन. इथला शिमोन हवेचं पाणी, पाण्याचं रक्त, रक्ताचं मांस करून एक मुलगा घडवल्याची बढाई मारतो. पण खरी गंमत पेत्राच्या भाषणात आहे. पेत्र त्याला विचारतो, येशू तुला तासभर दृष्टांतात दिसला म्हणतोस, मग आम्ही वर्षभर त्याच्याजवळ राहून शिकलो ते काय? आणि मला दोषी ठरवतोस?

दृष्टांतात येशूला पाहून प्रेषित झालेला माणूस कोण? पौल. पेत्राला तोंडावर दोषी ठरवलं ते कोणी? पौलानेच, गलतीकरांच्या पत्रात तो स्वतः सांगतो. १८३०च्या दशकात जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या बाउर यांनी यावरूनच मांडलं की इथे शिमोनच्या मुखवट्याआड पौल आहे. पौलाला न मानणाऱ्या यहुदी-ख्रिस्ती लोकांचं हे लेखन. बाउर यांनी त्यावर अख्ख्या ख्रिस्ती इतिहासाचा डोलारा उभारला तो आज कोणी तसा मानत नाही, पण या उताऱ्यात पौल दिसतो हे बहुतेकांना मान्य आहे.

म्हणजे 'जादूगार' हा शिक्का घरातल्या माणसावरही मारता येत होता. हव्या त्या माणसाला शिमोन करा.

आगाशीकर

हे मला नवीन आहे आणि थोडं बोचलंही. तो उतारा मुळातून वाचून मग बोलतो.

जाता जाता एक स्थानिक दुवा. पेत्राचं चरित्र मराठीतही ओव्यांत आहे. एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने रचलेलं 'पेत्र पुराण'. १६२९ ते १६३४च्या दरम्यान गोव्यात छापलं गेलं, म्हणजे स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणानंतर काही वर्षांनीच. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच म्हटलं आहे की या पूर्वेकडच्या मूर्तिपूजकांच्या चुकांचं खंडन त्यात केलं आहे.

पाणवठा

म्हणजे पेत्राला लढायला पुन्हा कोणीतरी लागलंच. रोममध्ये शिमोन होता, गोव्यात आपले देव.

आगाशीकर

त्या काळच्या मिशनऱ्यांची ती रीत होती, समर्थन करत नाही. भाषा मात्र सुरेख लिहायचे.

करवंद

चर्चा माझ्या मूळ लेखापेक्षा पुष्कळ पुढे गेली, मजा आली.

@हेमाडपंथी, 'हव्या त्या माणसाला शिमोन करा' हे पटलं. तरी या सगळ्यांत ओरिजेनचं उत्तर मला वेगळं वाटतं म्हणून ते लिहितो. केल्ससच्या बाजारातल्या जादूगारांवर तो म्हणतो, बरं, पण त्यांच्यापैकी एक तरी आपल्या खेळाने प्रेक्षकांना आपलं वागणं सुधारायला बोलावतो का? एक तरी देवाचं भय शिकवतो का? ते बोलावत नाहीत, कारण त्यांना स्वतःलाच ते जमत नाही. इथे ओरिजेन मुकाट्याने मान्य करतो की नुसता चमत्कार काहीच सिद्ध करत नाही. शंभर वर्षं आधी जस्टिनही तेच म्हणाला होता, फक्त त्याने पुरावा म्हणून जुन्या भविष्यवाण्या पुढे केल्या. आणि क्वाद्रातुस म्हणून एक होता, हेद्रियन सम्राटाला लिहिणारा. त्याचं म्हणणं, येशूने बरे केलेले लोक नंतरही जगले, काही तर आमच्या काळापर्यंत होते. हा तर जवळजवळ वैद्यकीय निकष झाला, रोगी पुढे किती वर्षं बरा राहिला.

तेव्हा विजेत्यांनी फक्त शिक्के मारले असं नाही. आपल्यावर तोच शिक्का बसू नये म्हणून त्यांना विचारही करावा लागला.

हेमाडपंथी

ओरिजेनचा निकष चांगला आहे, पण तो शिमोनच्या पंथाला कोणी लावून पाहिला का? आयरेनियस त्यांच्यावर स्वैराचाराचा आरोप करतो. ख्रिस्ती लोकांवरही रोममध्ये नरमांस खाण्याचे आणि स्वैराचाराचेच आरोप होत होते. शेजाऱ्याने सांगितलेली नीती-अनीती पुराव्यात धरायची नसते.

करवंद

धरत नाही. म्हणूनच दिदाखेची यादी मला जास्त आवडते. तिथे शेजाऱ्याला विचारावं लागत नाही, पाहुणा तिसऱ्या दिवशी सकाळी घरात आहे की नाही एवढंच बघायचं.